घड्याळ कोणत्या हाताने दाबायचे?

जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात ‘एलजी चषक’ या ‘गो’ खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा तीन डावांचा अंतिम सामना झाला. पहिला डाव चीनच्या के जिएने जिंकला. दुसऱ्या डावात तो बाद ठरला आणि तिसऱ्या डावाचा निकालही त्याच्या विरोधात गेला. या दोन्ही निकालांचे कारण पटावरची एखादी चुकलेली चाल नव्हती. प्रतिस्पर्ध्याच्या जिंकलेल्या सोंगट्या ठरलेल्या जागी, म्हणजे वाडग्याच्या झाकणात, न ठेवल्याबद्दल त्याला दंड झाला होता. दुसऱ्या डावात असे दोनदा घडले आणि तेव्हाच्या कोरियन नियमांनुसार डाव हातचा गेला. तिसऱ्या डावात पंचांनी याच कारणासाठी खेळ थांबवून दोन गुणांचा दंड केला. के जिएने त्यावर हरकत घेतली, खेळ पुढे सुरू झाला नाही आणि कोरियाचा ब्युन सांग-इल विजेता घोषित झाला.

या वादात दोन प्रश्न गुंतले होते. सोंगटी कुठे ठेवली हा पहिला. दुसरा प्रश्न पंचांनी खेळ कोणत्या क्षणी थांबवला, हा. चुकीच्या क्षणी खेळ थांबला की एका खेळाडूला फुकटचा विचारवेळ मिळतो आणि दुसऱ्याची एकाग्रता मोडते, हा आक्षेपाचा गाभा होता. चीनच्या संघटनेने तिसऱ्या डावाचा निकाल मान्य केला नाही. पुढे कोरियन संघटनेने इशारे साठत जाऊन खेळाडू बाद होण्याची तरतूदच काढून टाकली.

एका झाकणावरून आणि काही क्षणांच्या थांबण्यावरून एवढे का बिघडावे, असे बाहेरच्याला वाटेल. पण घड्याळ लावून खेळल्या जाणाऱ्या कोणत्याही बैठ्या खेळात वेळ हा पटाइतकाच खेळाचा भाग असतो. दोघांना सारखा वेळ मिळाला असे म्हणायचे, तर तो वेळ विचारासाठीच वापरला गेला पाहिजे. हाताची चपळाई, आवाजाचा त्रास किंवा समोरच्याचा गोंधळ यांवर तो खर्ची पडता कामा नये. घड्याळाचे शिष्टाचार जन्माला आले ते यासाठी. त्यांच्यामागे मेंदू आणि हात यांच्या मर्यादांचे बरेच विज्ञान आहे.

एक पट, ३६१ जागा

‘गो’ हा चीनमध्ये जन्मलेला खेळ. तिथे त्याला वेईची म्हणतात, कोरियात बादुक आणि जपानमध्ये इगो. पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेषा असतात. सोंगट्या चौकोनात ठेवत नाहीत, तर रेषांच्या छेदबिंदूंवर ठेवतात. असे ३६१ बिंदू असतात. एकाकडे काळ्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या सोंगट्या. आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवायची. ठेवलेली सोंगटी हलवायची नाही. तिच्या लगतचे सगळे मोकळे बिंदू प्रतिस्पर्ध्याने व्यापले, तर मात्र ती कैद होते आणि पटावरून उचलली जाते. शेवटी ज्याच्या ताब्यात अधिक मुलूख तो विजेता.

कैद झालेल्या सोंगट्या झाकणात का ठेवायच्या, याचे उत्तर हिशेबात आहे. जपानी आणि कोरियन पद्धतीत प्रत्येक कैदी सोंगटी शेवटच्या मोजणीत एका गुणाची असते. त्यामुळे समोरच्याकडे किती कैदी आहेत हे खेळ चालू असताना दिसले पाहिजे. चिनी पद्धतीत पटावरच्या सोंगट्या आणि त्यांनी वेढलेली जागा मोजतात. तिथे कैद्यांच्या संख्येला महत्त्व नसते. साहजिकच चिनी पद्धतीत वाढलेल्या खेळाडूला कैदी नीट मांडून ठेवायची सवय नसते. एलजी चषकात दोन देशांच्या दोन सवयी समोरासमोर आल्या होत्या.

एका डावात साधारण दोनशे ते अडीचशे चाली होतात. सुरुवातीला प्रत्येक चालीला तीनशेहून अधिक पर्याय असतात. वेळेला मर्यादा नसेल, तर असा डाव कितीही लांबू शकतो.

वेळ कोणाच्या मालकीचा?

एके काळी तो खरोखरच लांबत असे. जपानमध्ये जुन्या काळी मानाचे डाव दिवसचे दिवस चालत आणि ज्येष्ठ खेळाडूचा मान वेळेच्या बाबतीतही राखला जाई. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये होनिन्बो शुसाई आणि तरुण गो सेइगेन यांच्यात एक गाजलेला डाव सुरू झाला. प्रत्येकाला २४ तास होते. पण ज्येष्ठ असलेल्या शुसाई यांना आपली पाळी असताना डाव तहकूब करण्याचा हक्क होता. म्हणजे पुढची चाल काय करावी याचा विचार त्यांना घरी जाऊन, घड्याळ बंद असताना करता येई. डाव १९३४ च्या जानेवारीअखेर संपला आणि शुसाई दोन गुणांनी जिंकले. त्यांची एक निर्णायक चाल शिष्याने सुचवली होती, अशी कुजबुज पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. ती खरी असो वा नसो, तहकुबीच्या अशा पद्धतीत संशयाला जागा होती, एवढे उघड झाले.

त्यावर उपाय निघाला तो बंद पाकिटातील चालीचा. दिवसाचा खेळ संपताना ज्याची पाळी असेल त्याने आपली पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायची. ते पाकीट दुसऱ्या दिवशी उघडायचे. आता लिहिणाऱ्याला चाल बदलता येत नाही आणि समोरच्याला ती ठाऊक नसते. त्यामुळे रात्रभराच्या विचाराचा फायदा कोणा एकाच्या पदरात पडत नाही.

१९३८ मध्ये शुसाई यांचा निरोपाचा डाव तिशीच्या उंबरठ्यावरच्या किटानी मिनोरु यांच्याशी झाला, तो या नव्या पद्धतीने. प्रत्येकाला ४० तास होते. २६ जूनला सुरू झालेला डाव ४ डिसेंबरला संपला. मध्ये शुसाई यांच्या हृदयविकारामुळे सुमारे तीन महिने खेळ थांबला होता. किटानी यांनी ३४ तासांहून अधिक वेळ वापरला, शुसाई यांनी सुमारे २०. या डावाची वार्तापत्रे वृत्तपत्रासाठी लिहिणाऱ्या यासुनारी कावाबाता यांनी पुढे त्यावर कादंबरी लिहिली.

नवी पद्धतही वादातून सुटली नाही. किटानी यांनी १२१ वी चाल पाकिटात बंद केली. पाकीट उघडले तेव्हा दिसले, की ऐन झुंजीची जागा सोडून ती चाल पटावर दुसरीकडेच होती आणि तिला उत्तर देणे शुसाई यांना भाग होते. झुंजीतल्या अवघड चालीवर विचार करायला किटानी यांनी तहकुबीचा वेळ मिळवला, असे शुसाई यांना वाटले आणि ते दुखावले. नियम मोडला नव्हता. तरीही वेळेचा असा वापर योग्य की अयोग्य, यावर गो खेळणारे आजही बोलतात. किटानी पाच गुणांनी जिंकले. शुसाई यांचे जानेवारी १९४० मध्ये निधन झाले.

सेकंद मोजणारा आवाज

खेळातील घड्याळाची सुरुवात युरोपात बुद्धिबळापासून झाली. १८६१ मध्ये आंडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे वापरली गेली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचे यांत्रिक घड्याळ आले. आपली चाल झाली की कळ दाबायची. आपले घड्याळ थांबते, समोरच्याचे सुरू होते. आजच्या डिजिटल घड्याळाचे तत्त्वही हेच आहे.

गो खेळात मात्र आणखी एक गोष्ट आली. जपानी भाषेत तिला ‘ब्योयोमी’ म्हणतात, म्हणजे सेकंद वाचणे. मुख्य वेळ संपला की खेळाडू लगेच हरत नाही. त्याला प्रत्येक चालीसाठी ठरावीक वेळ मिळतो, उदाहरणार्थ ३० सेकंद किंवा एक मिनिट. त्या वेळात चाल केली की पुढच्या चालीसाठी पुन्हा तेवढाच वेळ. बऱ्याच स्पर्धांत असे तीन किंवा पाच हप्ते असतात. वेळ ओलांडला की एक हप्ता जातो. शेवटचा हप्ता ओलांडला की डाव जातो. २०१६ च्या मार्चमध्ये सोलमध्ये ली सेडोल आणि ‘अल्फागो’ हा संगणकीय कार्यक्रम यांच्यात झालेल्या सामन्यात प्रत्येकी दोन तास आणि त्यानंतर ६० सेकंदांचे तीन हप्ते होते.

जपानच्या मोठ्या किताबी सामन्यांत खेळाडू घड्याळाला हातही लावत नाहीत. बाजूला बसलेला नोंदणीस वेळ ठेवतो आणि शेवटी सेकंद मोठ्याने वाचतो. तीस, चाळीस, पन्नास. मग एक, दोन, तीन करत दहापर्यंत. ऐकणाऱ्याला हे निष्ठुर वाटते. पण त्यात खेळाडूची सोय आहे. त्याचे डोळे पटावर असतात. वेळ पाहायला त्याने मान वळवली, तर डोक्यात धरलेली चालींची साखळी तुटू शकते. कानावर पडणाऱ्या आकड्याला नजर लागत नाही. शिवाय आवाजाला आपण प्रकाशापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो, हे प्रतिक्रियाकाळाच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे.

दुसरे कारण वेळेच्या जाणिवेचे आहे. मन एखाद्या कामात बुडाले की वेळ किती गेला याचा अंदाज चुकतो, आणि तो बहुधा कमी वाटतो. वीस सेकंद झाले असतील असे वाटत असताना पन्नास झालेले असतात. सेकंद वाचणारा आवाज हा अंदाज सुधारतो.

वेळ देण्याच्या इतरही पद्धती आहेत. कॅनडाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत ठरावीक वेळात ठरावीक सोंगट्या खेळायच्या असतात, समजा पाच मिनिटांत वीस. इथला शिष्टाचार सुंदर आहे. घड्याळ थांबवून वीस सोंगट्या मोजून पटाशेजारी ठेवायच्या आणि वाडगे झाकून टाकायचे. किती चाली उरल्या हे दोघांनाही दिसते आणि मोजण्यात गेलेला वेळ कोणाच्या खात्यातून जात नाही. बुद्धिबळपटू बॉबी फिशर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पेटंट घेतलेल्या घड्याळात प्रत्येक चालीनंतर थोडा वेळ खात्यात जमा होतो. आज बुद्धिबळात ही पद्धत सर्वत्र आहे आणि गो खेळातही वापरली जाते.

एकच हात का?

क्लबमध्ये किंवा हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत वेळ ठेवायला नोंदणीस नसतो. घड्याळ खेळाडूंनाच दाबावे लागते. शिष्टाचाराची खरी गरज तिथे पडते.

पहिला संकेत असा, की ज्या हाताने सोंगटी ठेवली त्याच हाताने घड्याळ दाबायचे. बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे स्पष्ट लिहिलेले आहे आणि गो खेळणारेही तेच पाळतात. दोन हात वापरायची मुभा असेल, तर एक हात सोंगटी ठेवेल आणि दुसरा घड्याळावर टपून बसेल. सोंगटी पटाला टेकण्याआधीच कळ दाबली जाईल आणि चाल पूर्ण होण्यापूर्वीच समोरच्याचा वेळ पळू लागेल.

हिशेब साधा आहे. दिसलेल्या खुणेला नुसता प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. हात पटावरून घड्याळापर्यंत नेऊन कळ दाबायला त्याहून अधिक. एका चालीमागे एक सेकंद धरला, तरी १२० चालींत दोन मिनिटे होतात. ही दोन मिनिटे विचाराची नाहीत, नुसती हाताची. एकच हात वापरायचा म्हटले की हा खर्च दोघांनाही जवळपास सारखा पडतो. घड्याळ कोणत्या बाजूला ठेवायचे हा प्रश्नही म्हणूनच महत्त्वाचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याला उजवीकडचे घड्याळ जवळ पडते. बुद्धिबळात याचा निर्णय पंच घेतात.

दुसरा संकेत क्रमाचा. आधी सोंगटी ठेवायची, मग कैद झालेल्या सोंगट्या उचलायच्या, मग घड्याळ दाबायचे. कैदी पटावर असताना घड्याळ दाबले, तर समोरच्याला अर्धवट चित्र पाहून विचार करावा लागतो, तोही त्याच्या वेळात. पंधरा-वीस सोंगट्या एकदम कैद झाल्या आणि हाती ३० सेकंदच असले, तर त्या उचलण्यातच वेळ जायचा. अशा वेळी घड्याळ थांबवता येते का, हे प्रत्येक स्पर्धेच्या नियमांवर ठरते. ते डाव सुरू होण्यापूर्वी पंचांना विचारून ठेवावे.

तिसरा संकेत स्पर्शाचा. घड्याळ हळू दाबावे, आपटू नये, हात त्यावर तरंगत ठेवू नये. बुद्धिबळात हे सारे नियमानेच निषिद्ध आहे. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो. ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे, इच्छेने थोपवता येत नाही. दचकण्याबरोबर लक्षही तुटते. वाडग्यात हात घालून सोंगट्या खुळखुळवणे गो खेळात असभ्य मानतात, तेही याच कारणाने.

चौथा संकेत सांडलवंडीचा. घाईत बोट लागून सोंगट्या सरकल्या, तर ज्याने सरकवल्या त्याने त्या आपल्या वेळात नीट लावायच्या. ताणाखाली हात थरथरतात, बारीक हालचालींवरचा ताबा सुटतो. त्यामुळे असे अपघात शेवटच्या मिनिटांतच जास्त होतात. नुकसान ज्याच्या हातून झाले त्याच्या खात्यावर पडावे, एवढाच याचा अर्थ.

घाईत मेंदूचे काय होते?

वेग वाढला की अचूकता घटते, हे मानसशास्त्रातले फार जुने निरीक्षण आहे. रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग करून ते दाखवले. १९५२ मध्ये विल्यम हिक यांनी निर्णयाच्या वेळेबद्दल दुसरी गोष्ट मांडली. पर्याय वाढले की निवड करायला लागणारा वेळ वाढतो. पर्याय दुप्पट झाले की साधारण ठरावीक वेळाची भर पडते. गो खेळाडू सगळे पर्याय तपासत नाही. सरावाने त्याला दोन-चार जागाच ‘दिसतात’. पण त्या दोन-चारांतली नेमकी कोणती, हे ठरवायला पुढच्या चाली मनात खेळून पाहाव्या लागतात आणि त्याला वेळ लागतो.

या दोन प्रक्रियांपैकी, म्हणजे ओळखणे आणि मोजणे यांपैकी, अधिक महत्त्वाची कोणती यावर बुद्धिबळपटूंचा बराच अभ्यास झाला आहे. ब्रूस बर्न्स यांच्या २००४ मधील अभ्यासात नेहमीच्या पाच टक्क्यांहून कमी वेळ देऊन खेळलेल्या झटपट डावांतील कामगिरी पाहिली गेली. खेळाडूंच्या कौशल्यातील ८१ टक्क्यांपर्यंतचा फरक तेवढ्यावरून समजावता आला. म्हणजे कौशल्याचा मोठा भाग झटकन ओळखण्यात आहे. पण चॅब्रिस आणि हर्स्ट यांनी २००३ मध्ये दाखवले, की ग्रँडमास्टरसुद्धा जलद डावांत संथ डावांपेक्षा अधिक घोडचुका करतात. व्हान हारेव्हेल्ड आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासातला निष्कर्ष इथे सर्वांत महत्त्वाचा आहे. वेळ जितका कमी, तितका खेळाडूंच्या दर्जातील फरकावरून निकालाचा अंदाज बांधणे अवघड झाले. चांगला आणि मध्यम खेळाडू यांच्यातले अंतर घाईत पुसट होते आणि योगायोगाला जागा मिळते.

म्हणून शेवटच्या मिनिटांतला शिष्टाचार सर्वांत मोलाचा. तेव्हा खेळाडूकडे चूक सुधारायला काहीच शिल्लक नसते.

याचे गाजलेले उदाहरण १९८० मधल्या जपानच्या मेइजिन सामन्यातले आहे. गो खेळात ‘को’ नावाचा नियम आहे. एकमेकांची एकेक सोंगटी पकडण्याचे चक्र अखंड चालू राहू नये म्हणून पकडलेल्या जागी लगेच परत पकडता येत नाही. मध्ये दुसरीकडे एक चाल करावी लागते. चौथ्या डावात ओताके हिदेओ यांच्याविरुद्ध खेळणारे चो चिकुन सेकंद-मोजणीत होते. आता ‘को’ पकडायची पाळी माझीच ना, असे त्यांनी नोंदणीसाला विचारले. होकार मिळाला. त्यांनी पकडली. प्रत्यक्षात पाळी आलेली नव्हती. चाल बेकायदा होती, पण चूक अधिकृत नोंदणीसाची होती. अखेर त्या डावाचा निकालच धरला नाही. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाला आपली आधीची चाल आठवेना, हे आश्चर्याचे नाही. तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. पुढच्या दहा चाली आणि कानावर पडणारे आकडे यांनी ती भरली की आधीचे बाहेर पडते.

वेळ विकत घेणाऱ्या चाली

सेकंद-मोजणीत अडकलेला खेळाडू कधी कधी अशी चाल करतो, जिचे उत्तर एकच असते. समोरचा ते देतो. पटावर काही बदलत नाही, पण विचार करायला आणखी तीस सेकंद मिळतात. स्वच्छतागृहात जायचे असेल तरी हीच युक्ती. जपानीत याला ‘जिकान त्सुनागी’, म्हणजे वेळ जोडणे, असा शब्दच आहे. नियम याला मनाई करत नाहीत. पण अशी प्रत्येक चाल पुढे ‘को’च्या झुंजीत कामाला आली असती अशी एक धमकी खर्च करून टाकते. वेळ फुकट मिळत नाही.

याच्या पुढची पायरी मात्र सगळेच नापसंत करतात. हरलेला डाव समोरच्याचा वेळ संपावा या आशेने लांबवत नेणे, त्याच्या सुरक्षित मुलखात अर्थहीन सोंगट्या टाकत राहणे, हे कायद्याने चालते. त्याने मान मिळत नाही. पहिल्या प्रकारात स्वतःला विचाराला वेळ हवा असतो. दुसऱ्या प्रकारात समोरच्याच्या हाताने चूक घडवायची असते.

समोरचा घड्याळ दाबायला विसरला तर?

हा प्रश्न प्रत्येक खेळाडूसमोर कधी ना कधी येतो. समोरच्याने चाल केली, घड्याळ दाबायचे विसरला आणि त्याचा वेळ पळतो आहे. सांगायचे की गप्प बसायचे? सर्वसाधारण रीत अशी, की सांगण्याची सक्ती नाही. घड्याळ सांभाळणे ज्याचे त्याने. तरी क्लबातल्या मैत्रीच्या डावांत बहुतेक जण नजरेने किंवा बोटाने खूण करतात. मोठ्या स्पर्धेत मते विभागली जातात. काही जण म्हणतात, वेळ सांभाळणे हे कौशल्यच आहे. काही जणांना विसरभोळेपणावर मिळालेला विजय नको असतो. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. समोरच्याच्या वेळात आपण विचार करणे पूर्ण रास्त आहे. त्यात लबाडी नाही.

नियमांचा प्रश्न उभा राहिला, तर आधी घड्याळ थांबवायचे आणि मग पंचांना बोलवायचे, ही सवय उपयोगी. वाद घालताना कोणाचाही वेळ जाऊ नये. थांबवण्याचा क्षण मात्र जपून निवडावा लागतो, हे एलजी चषकाने दाखवलेच आहे.

मुलांच्या हाती घड्याळ देताना

महाराष्ट्रात गो खेळणारे थोडे, पण बुद्धिबळाचे वर्ग गावोगावी आहेत. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हंपीविरुद्धच्या जलद टायब्रेकमध्ये. त्यानंतर पुष्कळ घरांत दोन कळांचे घड्याळ आले असेल. ते मुलांच्या हाती देताना काही गोष्टी सुरुवातीपासून शिकवता येतात.

घड्याळ नीट लावले आहे ना, हे डावाआधी दोघांनी मिळून पाहावे. चाल आणि कळ एकाच हाताने. कळ बोटाने दाबावी, मुठीने नाही. समोरचा विचार करत असताना टेबलावर बोटे वाजवू नयेत, सोंगट्यांशी चाळा करू नये. घड्याळाकडे दर क्षणाला पाहण्याऐवजी दर पाच-दहा चालींनी एकदा पाहण्याची सवय लावावी. काळजीने वारंवार पाहणाऱ्याचे लक्ष पट आणि घड्याळ यांत वाटले जाते आणि दोन्हीकडे कमी पडते.

वेळ संपत आला की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात ओले होतात. ही शरीराची संकटाला तोंड देण्याची नेहमीची तयारी आहे. मुलाला हे आधी सांगून ठेवले, तर तो घाबरून जात नाही. चाल करून कळ दाबल्यावर एक दीर्घ, संथ श्वास सोडायला शिकवावे. श्वास संथ झाला की हृदयाचे ठोकेही थोडे उतरतात. आणि वेळ संपून हरलेल्या मुलाला ‘डाव तर तुझाच होता’ असे म्हणून घड्याळाला दोष देऊ नये. वेळ वाटून घेणे हाही त्या डावाचाच भाग होता.

गो खेळात दोन्ही खेळाडूंनी लागोपाठ पाळी सोडली की डाव संपतो. त्याच क्षणी घड्याळ थांबवतात. कैदी सोंगट्या झाकणातून निघतात, मुलूख मोजला जातो, आणि मोजणीला वेळेची मर्यादा नसते. त्यानंतर जपान, चीन आणि कोरियात बहुधा जिंकलेला आणि हरलेला त्याच पटाशी बसून सुरुवातीपासूनच्या चाली पुन्हा मांडतात आणि कुठे काय चुकले ते एकमेकांना विचारतात. मघाशी तीस सेकंदांत ज्या चालीचा निर्णय घ्यावा लागला, तिच्यावर आता अर्धा तास बोलता येते.